‘एकच प्याल्या’तील दुसरा प्याला

राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकाचे भाग्य असे विलक्षण की, ज्यांनी ते रंगभूमीवर पाहिले नाही आणि पुस्तकरूपाने वाचलेही नाही, त्यांच्याही तोंडी त्याचे नाव म्हणीसारखे बसले आहे. मुलगा महाविद्यालयात जाऊ लागला, मित्रांबरोबर रात्री उशिरा घरी येऊ लागला, की हे नाव त्याच्या कानावर एकदा तरी घातले जाते. परंतु नाटकाची म्हण झाली म्हणजे नाटकाची एक प्रकारे हानीच होते. म्हणीत एकच अर्थ मावतो. बाकीचे अर्थ बाहेर राहतात, आणि पुढे पुढे ते नाटकात होते याचीही आठवण उरत नाही. या लेखात अशाच एका बाहेर राहिलेल्या अर्थाचा विचार करावयाचा आहे. तो केवळ वाङ्मयाच्या अभ्यासकांच्या सोयीचा नसून, ज्यांच्या घरात वीस-बावीस वर्षांची मुले आहेत अशा सर्वांच्या उपयोगाचा आहे, असे वाटल्यावरूनच हा प्रपंच.

विशेषतः परप्रांती बदलीवर असलेल्या मराठी कुटुंबांना हा विषय लवकर पटावा. छत्तीसगडातील भिलाईचेच उदाहरण घ्यावे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पोलादाच्या कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि पाहता पाहता दुर्गजवळच्या माळावर देशातील सर्व प्रांतांच्या माणसांचे एक नगर उभे राहिले. त्या नगरातील ‘हुडको’ ही वसाहत गृहनिर्माण मंडळाच्या इंग्रजी आद्याक्षरांनीच ओळखली जाते. तिच्या नावाला ना इतिहास, ना पुराण. अशा वसाहतीत गाव नसते, भाऊबंदकी नसते. शेजारी, कचेरी आणि मंडळ हाच सारा समाज. त्यामुळे तेथे अब्रू ही वस्तू गावापेक्षाही नाजूक होऊन बसते. गावात एखाद्याच्या मुलाचे पाऊल वाकडे पडले, तर त्याच्या आजोबांची पुण्याई थोडी तरी आड येते. वसाहतीत आजोबा कोणालाच ठाऊक नसतात. ठाऊक असते ते फक्त काल रात्री काय घडले तेवढे. मुलाने मित्रांच्या संगतीत गांजा ओढला, बाटली आणली, किंवा कसल्या गोळ्या घेतल्या, एवढी एक वार्ता त्या घराचा सारा परिचय होऊन बसते. गडकऱ्यांच्या नाटकाकडे आपण या वसाहतीच्या खिडकीतून पाहावयाचे आहे.

नाटकाची हकीकत थोडक्यात अशी. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळच्या सावनेर येथे वारले आणि त्यानंतर महिन्याच्या आतच, २० फेब्रुवारीस, बडोदे येथे गंधर्व नाटक मंडळीने या नाटकाचा पहिला प्रयोग केला. पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचून दिली. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर यांनी त्या पिढीला रडविले. सुधाकर हा बुद्धिमान, मानी आणि स्वतःच्या कर्तृत्वावर वर आलेला वकील. न्यायासनासमोर त्याचा तोल जातो, त्याची सनद काही काळापुरती हिरावली जाते, आणि त्या अपमानाच्या आगीत होरपळत असता त्याचा कारकून तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. तेथून पुढे उतरण लागते. घर बसते, सिंधू दळणे दळून पोट भरते, मूल जाते, सिंधू जाते आणि शेवटी सुधाकर विषाचा प्याला स्वतःच तोंडाला लावतो.

या कथेतून समाजाने जो बोध उचलला तो एवढाच, की पहिला प्याला घेऊ नये, कारण एकाच्या पाठीमागे सर्वनाश उभा असतो. बोध वाईट नाही. ज्याने पहिला प्याला घेतलाच नाही त्याला व्यसन जडणार नाही, हे गणितासारखे सत्य आहे. तथापि त्याचा व्यत्यास सत्य नाही. ज्याने पहिला प्याला घेतला त्याचा सर्वनाश होतोच असे नाही, आणि आजच्या तरुणाला हे प्रत्यक्ष दिसते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले की, देशात भांग धरून भांग-गांजा-चरस यांचे सेवन करणारे सुमारे ३ कोटी १० लक्ष लोक आहेत. त्यांपैकी ज्यांना त्या सेवनाचा उपद्रव होतो किंवा ज्यांना ते सोडवत नाही असे सुमारे ७२ लक्ष. म्हणजे साधारण चारांत एक. हा आकडा लहान नाही. चारांतील एकाच्या घरावर काय प्रसंग येतो हे ज्याचे त्याला ठाऊक. परंतु उरलेले तीन तरुणाच्या वर्गात, वसतिगृहात, क्रिकेटच्या मैदानावर हिंडत असतात. ते परीक्षाही उत्तीर्ण होतात. आईने सांगितलेली म्हण आणि डोळ्यांसमोरचा मित्र यांत जेव्हा विरोध येतो, तेव्हा तरुण मित्रावर विश्वास ठेवतो. मग वडील माणसांनी सांगितलेले जे खरे असते, म्हणजे लहान वयातील सेवन अधिक घातक असते, मद्य आणि झोपेच्या गोळ्या एकत्र घेतल्यास जीव जाऊ शकतो, ब्राऊन शुगरची आणि गांजाची गोष्ट एक नव्हे, तेही त्याला त्याच म्हणीतील अतिशयोक्ती वाटू लागते. अतिशयोक्तीचा हा तोटा साहित्यात क्षम्य असेल. संसारात तो महाग पडतो.

परंतु येथे गडकऱ्यांना दोष देण्यापूर्वी नाटक पुन्हा उघडले पाहिजे. कारण सुधाकराचा नाश पहिल्या प्याल्याने होतो हे विधान नाटकाच्या नावाने केले असले, तरी नाटकाच्या रचनेने केलेले नाही.

नाटकाच्या उत्तरार्धात एक प्रसंग आहे. तो प्रयोगात पुष्कळदा घाईने उरकला जातो आणि चर्चेत तर त्याचे नावही निघत नाही. सिंधूची अवस्था पाहून सुधाकराला पश्चात्ताप होतो आणि तो दारू सोडण्याची शपथ घेतो. ही शपथ खोटी नाही. तो नुसता शपथ घेऊन घरी बसत नाही. काम शोधावयास बाहेर पडतो. ज्यांच्याशी पूर्वी बरोबरीच्या नात्याने वागला, त्यांच्या दारी हा मानी मनुष्य मान खाली घालून उभा राहतो. तेथे त्याला काम मिळत नाही; त्याच्या व्यसनाचा उद्धार तेवढा मिळतो. दारुड्याला कोण ठेवणार, असा तो एकूण नूर. तेथून परतलेला सुधाकर जो प्याला उचलतो तो मात्र त्याला सोडीत नाही. पुढे रामलालसमोर तो मद्यपानाच्या चढत्या अवस्थांचे जे भयंकर विवरण करतो, ते या दुसऱ्या प्याल्यानंतरचे आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आता दोन्ही प्याले शेजारी ठेवून पाहावे. पहिला तळीरामाने दिला, दुसरा प्रतिष्ठितांनी. पहिल्याच्या मुळाशी अपमान होता. दुसऱ्याच्याही मुळाशी अपमानच. पहिल्या वेळी सुधाकराचा स्वतःचा ताठा निम्मा कारण होता. दुसऱ्या वेळी ताठा त्याने घरी ठेवला होता. पहिल्या प्याल्यानंतर परतीची वाट मोकळी होती, याचा पुरावा हाच की तो परतला. वाट बंद झाली ती दुसऱ्या वेळी, आणि ती बंद करणाऱ्यांच्या हातात पेला नव्हता. आमच्या मते गडकऱ्यांच्या प्रतिभेची खरी झेप या प्रसंगात आहे. प्रचारकाला एवढे पुरले असते की दारू वाईट. नाटककाराने पाहिले की, दारू सोडलेल्या माणसाला समाज दारुडाच म्हणत राहतो, आणि तो शब्द खरा करून दाखविण्यास त्याला भाग पाडतो.

या वाचनाला नाटकातीलच दुसरा पुरावा आहे. तो म्हणजे भगीरथ. ‘एकच प्याला’ पाहून आलेल्या दहा माणसांस पात्रांची नावे विचारली, तर सुधाकर, सिंधू, तळीराम, गीता ही झटकन सांगतील. भगीरथाचे नाव निघेलच असे नाही. वास्तविक हा तरुण आर्यमदिरामंडळाच्या बैठकीतलाच. प्रेमात निराश होऊन प्यायला लागलेला. म्हणजे आजच्या भाषेत, वीस-पंचविशीचा, दुःख विसरण्यासाठी मित्रमंडळीत बसू लागलेला मुलगा. हा भगीरथ दारू सोडतो आणि पुन्हा तिच्याकडे जात नाही! नाटकाच्या शीर्षकातील सिद्धान्ताचे खंडन नाटकातच जिवंत हिंडत आहे. एकच प्याला जर सर्वांना बुडवितो, तर भगीरथ तरला कसा?

उत्तर नाटकातच आहे. भगीरथाला रामलाल भेटला. रामलालने त्याला धिक्कारले नाही. त्याच्यापुढे करण्यासारखे काम ठेवले आणि त्याला आपल्या सहवासात घेतले. शरदेसारख्या बालविधवेच्या आयुष्याशी त्याचे आयुष्य जोडले जाण्याची शक्यताही नाटककाराने निर्माण केली, म्हणजे घर आणि माणूस यांचा मार्ग त्याला मोकळा ठेवला. सुधाकर आणि भगीरथ यांच्या मद्यात फरक नव्हता. मंडळ एकच होते. फरक होता तो सोडल्यानंतर कोण भेटले याचा. आणि सुधाकराचाही मित्र रामलालच होता, हे या नाटकातील सर्वांत कटू सत्य. परक्या तरुणाला सावरणारा हा सज्जन जिवलग मित्राला सावरू शकत नाही, कारण तेथे संशय, नाते आणि प्रतिष्ठा आड येतात. परक्याच्या मुलाविषयी उदार असणारे आपण घरच्या मुलाविषयी कठोर का होतो, याचे याहून मार्मिक चित्र मराठीत आम्हांस आठवत नाही.

गडकऱ्यांच्या थोडे आधी, १९१३ साली, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘विद्याहरण’ रंगभूमीवर आले. त्यातही मद्याचेच संकट आहे. शुक्राचार्य मद्याच्या धुंदीत आपल्या शिष्याची राख पेल्यातून पिऊन टाकतात. सुधाकराने केलेल्या कोणत्याही कृत्याहून हे कमी भयंकर नाही. तरीही शुक्राचार्यांचे आचार्यपद जात नाही. त्यांना पश्चात्ताप होतो, ते मद्याचा त्याग करतात, आणि तो त्याग सर्वांना मान्य होतो. का? कारण त्यांच्यापाशी संजीवनी विद्या आहे. देवदानवांना त्यांची गरज आहे. सुधाकराची कोणाला गरज नाही. दोन नाटके अशी एकापुढे एक ठेवली म्हणजे कळते की, समाज व्यसनाला शिक्षा करीत नाही. दुबळ्याच्या व्यसनाला करतो. साहेबांच्या बंगल्यातील मेजवानीचा पेला शिष्टाचार ठरतो, आणि त्याच वसाहतीतील पोराची चिलीम गुन्हा. कुंभमेळ्यातील साधूच्या चिलमीस आपण नमस्कार करतो; महाशिवरात्रीच्या भांगेस प्रसाद म्हणतो.

ही रेषा कायद्यानेही वेळोवेळी इकडची तिकडे केली आहे. १८९३ साली नेमलेल्या सरकारी आयोगाने भांग-गांजाची देशभर चौकशी केली आणि पुढच्या वर्षी अहवाल देताना, माफक सेवनाने सामान्यतः विशेष अपाय होत नाही, सबब सरसकट बंदी नको, असा अभिप्राय दिला. त्या काळी आपल्या जुन्या मध्यप्रांतातच, खांडव्याच्या बाजूस, सरकारी देखरेखीखाली गांजाची लागवड होत असे. १९८५ साली अमली पदार्थांचा नवा कायदा झाला, तेव्हा गांजा ओढणारा गुन्हेगार झाला. पानांपासून होणारी भांग मात्र त्या व्याख्येबाहेर राहिली. उलट २०१७ साली छत्तीसगड सरकारने मद्याची किरकोळ विक्री आपल्याच महामंडळाच्या हाती घेतली. यावरून गांजा निरुपद्रवी आहे असे सुचवावयाचे नाही. तरुण वयात त्याचे नित्य सेवन मनाला आणि स्मृतीला बाधते, आणि काहींच्या बाबतीत गंभीर मनोविकारास निमित्त होते, हे आज वैद्यकास चांगले ठाऊक आहे. सुचवावयाचे ते इतकेच की, कलंकाची रेषा अपायाच्या रेषेवरून काढलेली नाही. त्याच कायद्यात, व्यसनी मनुष्य स्वेच्छेने उपचारास गेल्यास आपल्या सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी त्यास खटल्यापासून अभय देणारे ६४-अ हे कलम आहे. कायद्याने परतीचे दार किलकिले ठेवले. वसाहतीचा कायदा तेवढाही उदार नाही.

शब्दांकडेही पाहिले पाहिजे. दारुडा, बेवडा, गंजडी, चरसी, गर्दुल्ला ही मराठीची या विषयातील श्रीमंती! यांतील एकही शब्द कृतीचे वर्णन करीत नाही. सारे माणसाला नाव ठेवतात. ताप आलेल्याला आपण ‘तापडा’ म्हणत नाही. वास्तविक ‘व्यसन’ हा जुना शब्द अधिक समंजस होता. संस्कृतात त्याचा एक अर्थ संकट असा आहे. व्यसनात सापडलेला म्हणजे विपत्तीत सापडलेला. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने टाळावयाच्या अठरा व्यसनांची यादी आहे. कामातून उद्भवणारी दहा आणि क्रोधातून उद्भवणारी आठ. त्या यादीत मद्य आहे, द्यूत आहे, मृगया आहे. आणि त्याच यादीत परनिंदा आहे, चुगली आहे, कठोर वाणीही आहे. राज्यकारभार पाहणाऱ्यांसाठी केलेली ही यादी आजच्या अधिकारी वर्गाने अधूनमधून वाचण्यासारखी आहे. शेजारच्या मुलाच्या चिलमीची वार्ता चहाबरोबर घरोघर पोचविणारा गृहस्थ मनूच्या हिशेबी त्या मुलाच्याच पंक्तीला बसतो.

आता सिंधूकडे येऊ. सिंधूच्या पातिव्रत्यावर फार लिहिले गेले आहे, बाजूने आणि विरुद्धही. येथे तिच्या अखेरच्या कृतीपुरतेच पाहावयाचे आहे. नवऱ्याच्या हातून झालेल्या घावाने ती मरणोन्मुख आहे. चौकशीला आलेल्या अंमलदाराला ती खरे सांगत नाही. अपराध झाकून ती जाते. गंधर्वांच्या आवाजात हा प्रसंग ऐकणाऱ्यांना त्यात त्यागाची पराकाष्ठा दिसली. ती आहेच. पण झाकणे ही सिंधूची पहिली कृती नव्हे. नाटकभर ती झाकीतच आली आहे. माहेरची मदत नाकारली ती अब्रूसाठी, दळण घेतले तेही बोभाटा होऊ नये म्हणून. ज्या घरात गोष्ट झाकली जाते त्या घरात उपचार उशिरा पोचतो. आजच्या सिंधू शिकलेल्या आहेत, कित्येक स्वतः नोकरी करतात. परंतु ‘मुलगा सध्या मामाकडे असतो’, ‘तो नागपूरला अभ्यासाला गेला आहे’ ही वाक्ये वसाहतीच्या जिन्यावर अजून ऐकू येतात आणि ऐकणारा न बोलता समजतो. मुलीचे लग्न व्हावयाचे आहे, यजमानांची बढती व्हावयाची आहे, तोवर हे बाहेर फुटता कामा नये. तेवढ्या अवधीत चारांतील एक कोणता, हे निश्चित होऊन जाते. वर सांगितलेल्या २०१९ च्या पाहणीप्रमाणे मद्याच्या आहारी गेलेल्या अडतीस माणसांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळतो. बेकायदा अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीसांपैकी एकाला. इस्पितळे कमी आहेत हे याचे एक कारण. पण इस्पितळाच्या पायरीवर आपल्याला कोणी पाहील, हे भय काही लहान कारण नव्हे.

मराठी साहित्याने सुधाकरानंतर या माणसाकडे पुन्हा कधी नीट पाहिले? मद्यपी पात्रे पुष्कळ आली. विनोदी नाटकांत तळीरामाची संतती तर अमाप झाली. परंतु त्या माणसाशेजारी बसून त्याचे ऐकून घेण्याचे काम केले ते कथेने वा नाटकाने नव्हे, तर अनिल अवचट यांच्या ललित वृत्तान्ताने. १९७९ नंतर इराण आणि अफगाणिस्तानातील उलथापालथीमुळे त्या बाजूचे हेरॉइन भारताच्या वाटेने वाहू लागले आणि ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ‘गर्द’ या नावाने ते पुड्यांतून विकले जाऊ लागले. अवचटांचे ‘गर्द’ हे त्या काळातले लेखन. त्यात नाट्य नाही, पल्लेदार वाक्य नाही. लेखक विचारतो आणि मुलगा सांगतो, बाप सांगतो. लेखकाने उपदेशाचा अधिकार आपणहून सोडून दिल्यामुळे वाचकाला न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसताच येत नाही. गद्याच्या साधेपणाचा असा नैतिक उपयोग मराठीत विरळा.

त्या लेखनाचा परिणामही वाङ्मयाबाहेर गेला. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या आर्थिक पाठबळाने २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्याची घडी बसविली मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी. तेथे बरे झालेली माणसेच कार्यकर्ते झाली, म्हणजे भगीरथानेच दुसऱ्या भगीरथाला हात दिला. व्यसनी पुरुषांच्या पत्नींनाही एकत्र बसून बोलण्यास जागा मिळाली, म्हणजे सिंधूला झाकण्यावाचून दुसरा मार्ग मिळाला. नाटकाने १९१९ साली जो प्रश्न टाकला त्याचे उत्तर असे सदुसष्ट वर्षांनी एका संस्थेच्या रूपाने आले, असे म्हटल्यास ते फारसे अलंकारिक होणार नाही. पुढे तुषार नातू यांनी ‘नशायात्रा’ हे आत्मकथन स्वतःच्या नावानिशी लिहिले. १९३५ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या मद्यपींच्या संघटनेला आपल्या नावातच ‘निनावी’ हा शब्द घालावा लागला होता, हे लक्षात घेतले म्हणजे नावानिशी लिहिण्यातील धैर्य कळते.

तथापि या लेखनाचीही एक मर्यादा सांगितली पाहिजे. मुक्तीची कथा सहसा केंद्राच्या दारातून बाहेर पडताना संपते. वाचक डोळे पुसतो आणि पुस्तक मिटतो. खरा चौथा अंक तेथे सुरू व्हावयाचा असतो. तो मुलगा वसाहतीत परत येतो. मंडळाच्या कार्यक्रमात त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहते. कपाटाच्या किल्ल्या हळूच उचलल्या जातात. नोकरीच्या मुलाखतीत मधल्या दोन वर्षांचा हिशेब विचारला जातो. सुधाकर पुन्हा पडला तो याच ठिकाणी. व्हिएतनामहून १९७१ साली परतलेल्या अमेरिकन सैनिकांची ली रॉबिन्स या संशोधिकेने पाहणी केली. तेथे असताना सुमारे एक पंचमांश सैनिक हेरॉइन-अफूच्या आहारी गेले होते. परंतु मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी फारच थोडे पुन्हा त्या पाशात सापडले. युद्धभूमी सुटली आणि घर मिळाले. पदार्थ तोच, भोवतालचे माणसांचे जग बदलले. हा अनुभव सर्वांना सरसकट लागू पडतो असे नाही. पण गडकऱ्यांनी भगीरथाच्या रूपाने जे सुचविले त्याला एवढा बळकट आधार दुसरीकडे सहसा मिळत नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो थोर मनाच्या माणसांकडूनही येईल. लाज ही समाजाची कुंपणे राखणारी शक्ती आहे. ती काढून घेतली तर तरुणांना आवर कसला? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. लाजेने कित्येकांचा पहिला प्याला चुकविला असेल. परंतु लाज दोन प्रकारची असते. एक कृतीची आणि एक माणसाची. ‘हे तुला शोभले नाही’ असे म्हणताना, शोभावे असे काहीतरी तुझ्यात आहे, हे आपण मान्य करतो. ‘तू असलाच’ असे म्हणताना ते नाकारतो. पहिली लाज मनुष्याला घरी आणते, दुसरी घराबाहेर काढते. पहिल्या प्याल्याआधी लाज उपयोगी पडत असेल. दुसऱ्या प्याल्याच्या वेळी ती केवळ घातक होते. सुधाकराच्या मित्रांनी त्याला ‘काम देतो, पण प्यायलास तर काढून टाकीन’ एवढे म्हटले असते, तरी ती लाज राखणेच झाले असते आणि नाटक तेथेच वेगळ्या वाटेने गेले असते. आक्षेपकांनी कठोरपणा सोडू नये. फक्त तो कोठे लावावयाचा ते ठरवावे.

परप्रांतीची मराठी मंडळे गणेशोत्सवात जुन्या नाटकांचे प्रवेश बसवितात. त्यांत ‘एकच प्याल्या’तील प्रवेशही असतात. निवड बहुधा ठरलेली असते: तळीरामाच्या मंडळाचा विनोद, नाही तर सिंधूच्या घरचा करुण प्रसंग. हसणे होते, रडणे होते, आणि प्रेक्षक जसा आला तसा घरी जातो, कारण दोन्ही प्रवेशांत त्याला स्वतःची भूमिका कोठे सापडत नाही. त्याने तळीराम व्हावयाचे नसते आणि सिंधू तो होऊ शकत नाही. त्याऐवजी सुधाकर काम मागावयास जातो तो प्रसंग एकदा बसवून पाहावा. त्या प्रसंगातील प्रतिष्ठित गृहस्थांच्या भूमिकांना वेगळी रंगभूषा लागत नाही. कचेरीतून परस्पर आलेल्या माणसाला ती आहे त्या कपड्यांत करता येते. प्रेक्षकांत मागच्या रांगेत बसलेल्या तरुणांपैकी एखाद्याला, आपण घरी काही सांगितले तर ऐकून घेतले जाईल असे त्या रात्री वाटले, तर गडकऱ्यांच्या नाटकाचे म्हणीतून पुन्हा नाटक झाले असे म्हणता येईल.